सोनपेठच्या लग्नावर उतरवलेली कॅसेट

आप्पा, तुमची ती कॅसेट मी परवा दुपारी लावली. इतकी वर्षं ती माझ्या पेटीच्या तळाशी पडून होती. फेकली नाही, लावलीही नाही. आता तिला दर्जा द्यायचाय, आणि तो मीच द्यावा असं तुमच्या त्या कॅसेटवेड्या लोकांचं म्हणणं आहे. हसू नका. परभणीत मी जुन्या लग्नांच्या कॅसेटी कॉम्प्युटरवर चढवून देते, बुरशी पुसते, तुटलेली टेप जोडते, पोट त्यावर चालतं. पण तुमच्या त्या शौकीन जगात, म्हणजे परदेशी रॉक बँडचे जुने कार्यक्रम कुणीतरी कोटाखाली कॅमेरा लपवून चोरून उतरवायचा आणि मग त्याच्या कॉप्या टपालाने देशोदेशी फिरायच्या त्या जगात, तुमच्या पोरीचा शब्द शेवटचा मानतात. मी रद्दी म्हटलं की रद्दी. ही तुमचीच कमाई आहे, दुसरं काही तुम्ही ठेवलं नाहीत.

सेलूत तुम्हाला सगळे ग्रेडर म्हणूनच ओळखायचे. कापूस खरेदीच्या दिवसांत गाड्यांची रांग लागायची आणि तुम्ही प्रत्येक गाडीतून पुंजका उचलून दोन अंगठ्यांत ओढायचात, धागा काळ्या बाहीवर धरून बघायचात आणि गाडीच्या फळीवर खडूने लिहायचात. अव्वल, दुय्यम, नाहीतर रद्दी. मी डबा घेऊन आले होते तेव्हाचा तो म्हातारा मला अजून दिसतो. त्याने तुमच्यासाठी लांबून चहा आणला, हात जोडले, म्हणाला, "सायेब, पोरांनी येचलाय, जरा बघा." तुम्ही चहा पूर्ण प्यालात, कप त्याच्याच हातात दिलात आणि म्हणालात, "चहा अव्वल हाय तुमचा. कापूस रद्दी." भोवतीचे हमाल हसले. मीही हसले, कारण तुम्ही माझ्याकडे बघितलं होतं.

घरीही खडू तुमच्या खिशातच असायचा जणू. आई भाकरी वाढायची तर तुम्ही ती बल्बासमोर धरून बघायचात. "दुय्यम. कड कच्ची ऱ्हायली." ती दुसरी टाकायची. तिचा घसा कायम बसलेला असायचा, चुलीच्या धुरानं म्हणा की आणखी कशानं, आणि ती दळता-कांडता गुणगुणायला लागली की तुम्ही बैठकीतून ओरडायचात, "कॅसेट अटकली बघा!" शेजारच्या बायकांना ते लय आवडायचं. आमची आईसुद्धा पदर तोंडाला लावून हसायची. मला त्या हसण्याचा राग यायचा, तुमचा यायचा नाही. हे आता लिहिताना अंगाची आग होतेय.

हैदराबादला होस्टेलात तुम्हाला या गिटारीचं वेड लागलं आणि सेलूला येऊनही ते सुटलं नाही. जर्मनीतला तुमचा तो दोस्त कॅसेटी पाठवायचा, पोस्टमन लांबूनच ओरडायचा, "ग्रेडर सायेब, आलं तुमचं फॉरेन!" आणि मग खोलीत दोन व्हीसीआर वायरीने जोडून कॉपी उतरवणं. मला शेजारी बसवून तुम्ही शिकवायचात. आधी डोळे मीट. आवाज ऐक. फोडणीसारखी चरचर येतीय का? म्हणजे कॉपीची कॉपी, तिचीही कॉपी. आता डोळे उघड. लाल रंग कडेबाहेर सांडायलाय का? गाणाऱ्याचे केस सुटे दिसायलेत का एकच गोळा? उतरवणारा मधेच लोकांची डोकी दाखवायलाय का? आणि तो स्वतःच गाऊ लागला तर तिथंच रद्दी. सगळ्यात शेवटी, "शेवटपर्यंत बघितल्याबिगर दर्जा द्यायचा न्हाई. बाजा थांबला म्हणून उठायचं न्हाई." दहावीत तुम्ही मला हेडफोन दिलात. तेवढी एकच भेट. आईला जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं.

ती गेली त्यानंतर आमच्याकडे तिचा हलता-बोलता असा एकच पुरावा होता, सोनपेठच्या मामाच्या लग्नाची कॅसेट. मामाकडे व्हीसीआर नव्हता म्हणून ती आपल्याकडेच राहिलेली. शूटिंगवाल्याने मूळ कॅसेट केव्हाच दुसऱ्या लग्नाला वापरली होती. तुम्ही कामावर गेलात की मी ती लावायचे, हळदीपर्यंत पळवायचे, आई दिसली की थांबवायचे. पडदा थरथरायचा आणि आई त्यात थरथरत उभी. आणि मग एक दिवस शाळेतून आले तर तुम्ही तीच कॅसेट हातात घेऊन बसलेले. तिच्या कडेची छोटी पट्टी मामाने मुद्दाम मोडलेली होती, वर दुसरं काही उतरवता येऊ नये म्हणून. त्या खाचेवर तुम्ही चिकटपट्टी लावत होतात, नखाने कड नीट दाबत होतात. मला वाटलं, तुम्ही ती दुरुस्त करायलात. जपायलात. इतकं बरं वाटलं मला आप्पा, की मी तुम्हाला न सांगता चहा टाकला.

चहा घेऊन आले तर गिटार सुरू होती. जर्मनीची कॅसेट दुसऱ्या दिवशी परत पाठवायची होती आणि सेलूत चांगली कोरी टेप मिळाली नव्हती. मी म्हटलं, "आप्पा, त्याच्यात आई हाय!"

"हाय की," तुम्ही म्हणालात. "पर रेकॉर्डिंग रद्दी हाय. उजेड जळालेला, आवाज बसलेला. असल्यात चांगली टेप वाया चालली हुती."

मी रडायला लागले तर तुम्ही ओठांवर बोट ठेवलंत. वायरीतून कॉपी उतरत होती. खोलीतला आवाज त्यात जात नाही, हे तुम्हीच मला शिकवलेलं होतं. तरी बोट ठेवलंत. चहा मात्र घेतलात. मग ती कॅसेट लोखंडी कपाटात गेली आणि किल्ली तुमच्या करगोट्याला. तुम्ही गेलात तेव्हा ती किल्ली मीच सोडवून घेतली, कॅसेट माझ्या पेटीत टाकली, आणि खरं सांगू, डोळ्यांत टिपूस आलं नाही.

आता जर्मनीहून तुमच्या दोस्ताच्या मुलीचा निरोप आला. त्यांच्याकडची मूळ कॅसेट तळघराच्या ओलीत सडली. त्या कार्यक्रमाची धड कॉपी आता जगात कुठंच नाही, असलीच तर तुमच्याकडची. मनात आलं, बुरशी खाऊन ती मेलेली असावी. नाहीतर लाल रंग सांडलेला असावा, चरचर असावी, काहीतरी सापडावं आणि तुमच्या नावापुढं जगजाहीर रद्दी लिहावं. त्यासाठीच मी ती लावली.

डोळे मिटले. आवाज स्वच्छ. डोळे उघडले. केस सुटे दिसतात. उतरवणारा एकदाही गात नाही, एकही गाणं तुटत नाही. निव्वळ अव्वल. तुमचे हात सोन्याचे होते, मेल्या माणसाला शिव्या देऊनही ते खोटं होत नाही.

बाजा थांबला. मी उठले नाही, तुमची शिस्त. पडद्यावर मुंग्या आल्या, बराच वेळ नुसत्या मुंग्या, आणि मग सोनपेठचं अंगण. तुमचा कार्यक्रम लग्नापेक्षा छोटा निघाला होता, आप्पा. शेवटचा तुकडा तसाच राहिलेला. पंगत उठलेली, बायका बसलेल्या, आणि आई गातेय. कॅमेऱ्याच्या अगदी शेजारून तुमचा आवाज येतो, "बास कर की आता, टेप संपंल त्याची!" सगळे हसतात. आई पदर तोंडाला लावते, सरळ माझ्याकडे बघते आणि हसते. मग कॅमेरा जिलबीच्या परातीकडे वळतो. संपलं.

त्या लोकांना मी तुमचा कार्यक्रम पाठवला, मुंग्यांच्या आधी कापून. पुढं अव्वल लिहिलं, तुमचं नाव लिहिलं. खूश झाले सगळे. तुमची वाहवा चाललीय, आणि ती तुमच्यापर्यंत पोचत नाही याचं मला बरं वाटतं. हे पत्रही पोचू नये. कुणाच्या हाती द्यायचं नाही म्हणूनच इतकं उघडं लिहिलं. कारण अजून एक राहिलंय. आईचा तुकडा संपला तेव्हा माझा हात आपोआप कागदावर गेला होता. चित्र हलतंय, उजेड जळालेला, आवाज बसलेला. रद्दी. पूर्ण लिहून झालं, खाली रेघ मारली, आणि मग मला रडू आलं.