ओरेलच्या नावाने

मिचेल्स बे, ओंटारियो
नोव्हेंबरचा दुसरा रविवार

प्रिय वेंडेल,

सप्रेम नमस्कार. तू खुशाल असशील अशी आशा आहे. आम्ही ठीक आहोत. आईने नव्वदी ओलांडली. डोळ्यांना आता उजेड-अंधार एवढंच कळतं, पण कान शाबूत आहेत आणि जिभेचं तर तुला माहीतच आहे. खाडीच्या कडेने पातळ बर्फ धरायला लागलंय. या वर्षी मासे बरे मिळाले.

हे पत्र मार्लिस नावाच्या बाईमार्फत तुझ्याकडे येतंय. तिने तुझं नाव सांगितलं नाही, पत्ताही दिला नाही. "लिफाफा पाठवा, मी पुढे टाकते," एवढंच कबूल केलं. तेव्हा हे वाचणारे तुम्ही वेंडेल नसाल, तर माफ करा, कागद शेगडीत टाका आणि लिलावात घेतलेल्या त्या लाकडी बदकाला जपा. पण तू वेंडेलच आहेस असं मी धरून चालले आहे. का, ते पुढे येईलच.

बदक मला पहिल्यांदा फर्नने दाखवलं. फर्न म्हणजे आमची शेजारीण, तू गेल्यानंतर इथे राहायला आलेली. तिला इंटरनेटवरच्या लिलावांचा भारी नाद, घरात चहाच्या किटल्याच सोळा-सतरा असतील. एक दिवस म्हणाली, "लोरेट, तुमच्या भागातलं लाकडी बदक आलंय बघ विकायला." मी चष्मा लावून पाहिलं. लाल डोकं, पाठीवरचा रंग उडालेला, आणि पोटाखाली तापल्या सळईने डागलेलं ओरेलचं वाकडं अक्षर. माझ्या भावाचा, तुझ्या जिवलग दोस्ताचा, हात मी ओळखणार नाही का? पोटाच्या कडीला दोराचा तुटका तुकडासुद्धा होता. खाली मजकूर होता की, मिशिगनच्या बाजूला बोरूच्या बेटात सापडलेलं, सासऱ्यांच्या संग्रहातलं. विकणारी ही मार्लिस.

मी लगेच खातं उघडलं. नाव विचारलं, तर मी ओरेलचं घातलं. का घातलं ते मला नीट सांगता येणार नाही. बदक त्याचं, तर बोलीही त्याच्याच नावाने लागावी, असं वाटलं. त्याच नावाचा ई-मेलही काढला. फर्न म्हणाली, "अगं, लोक फुलाफळांची नावं घेतात, तू मेलेल्या भावाचं घेतेस?" मी म्हटलं, माझा भाऊ आहे, मी बघून घेईन.

आठवडाभर माझीच बोली वरची होती. शेवटच्या दिवशी आईला भरवून टॅब्लेटसमोर बसले, आणि अगदी शेवटच्या क्षणी कुणीतरी माझ्या वरची बोली टाकली आणि सगळं संपलं. त्या माणसाला मी मनातल्या मनात काय काय म्हणाले, ते आता तुला लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी मेल आला. माझेही डोळे अधू झालेत, म्हणून टॅब्लेट मला मोठ्याने वाचून दाखवतो. आई खिडकीपाशी बसली होती. टॅब्लेट त्याच्या त्या सपाट आवाजात म्हणाला, "प्रिय ओरेल. ज्याने तुम्हाला हरवलं, त्याने माघार घेतली आहे. तुमच्यासाठी अजून संधी आहे. कृपया उशीर करू नका."

वेंडेल, मी घाईने टॅब्लेट उलटा घातला.

आईने मान वळवली. "ओरेलला पत्र आलं?"

"नाही गं आई, ते त्या बदकाचं आहे. लिलावातलं."

"मी ऐकलं की. ज्याने नेलं, त्याने सोडलं म्हणतोय. मग येतोय कधी हा?"

मी म्हटलं, "बघू." त्या दिवसापासून ती वाटाण्याच्या सुपाचा एक वाडगा जास्तीचा मांडायला लावते. मी मांडते. जेवण झालं की तो तसाच गार झालेला पातेल्यात परत ओतते. दारावर कुणी आलं की ती विचारते, "बुटांना चिखल आहे का त्याच्या?"

फर्नला मेल दाखवला तर तिने पाच मिनिटांत त्याची चिरफाड केली. "हे खोटं आहे. खरंच दुसऱ्या नंबरला संधी द्यायची असली, तर निरोप त्या साइटवरच्या तुझ्या खात्यात येतो आणि पैसेही तिथूनच जातात. तिथे बघ, काही आहे?" काही नव्हतं. "आणि पैसे कुणा भलत्याच माणसाच्या नावावर तार करून पाठवायचे, तेही आजच्या आज? विकणारी बाई, आणि पैसे घेणारा हा कोण बाप्या? तुझं बोलीचं नाव आणि मेलचं नाव एकच, म्हणून त्याने अंदाजाने बाण मारला. हरलेल्या माणसाचं मन हळवं असतं, हे त्यांना बरोबर कळतं."

मला ते सगळं पटलं. फसवी बदकं पाण्यात सोडून खरी खाली उतरवायची, हेच बघत आपण मोठे झालो, आणि या वयात मीच उतरायला निघाले होते. पण पटलं तरी मी त्याला उत्तर लिहिलं. एकच प्रश्न विचारला. "पक्षी कानाशी धरून हलवा. काय ऐकू येतं?" आणि खाली सही केली ओरेल. दुसरी कुठली सही करणार होते?

उत्तर आलं, "प्रिय ओरेल, काही आवाज येत नाही. पक्षी उत्तम अवस्थेत आहे."

तुला ठाऊक आहे काय ऐकू यायला हवं होतं ते. ते बदक आतून पोखरलं तेव्हा आपण तिघं शेडमध्येच होतो. दोन अर्धुकं चिकटवण्याआधी ओरेलने आईचं शिवणाचं पितळी टोपण, ती बोटात घालायची ते, आत टाकलं होतं. "याचा खुळखुळाट ऐकून बदकं कशी येतात बघा," म्हणाला. आईने घरभर टोपण शोधलं आणि मांजरावर आळ घेतला. आजही ती चादरीच्या काठावर बोट ठेवून हवेतल्या हवेत टाके घालत असते, आणि ते बोट उघडं असतं.

मग मी साइटवरून सरळ मार्लिसला विचारलं की, घेणाऱ्याने माघार घेतली का? ती म्हणाली, छे, त्याने त्याच दिवशी पैसे भरले, बदक रवानाही झालं. भला माणूस वाटला, एकच अट घातली त्याने. पुसू नका, रंग लावू नका, आणि पोटाखालच्या दोराची गाठ सोडू नका.

त्या तुकड्याला कुणीही कचरा म्हणून कापून टाकलं असतं. ती गाठ राखून ठेवावीशी वाटणारं माणूस माझ्याखेरीज एकच उरलंय, ज्याने ती बांधली.

त्या दिवसाबद्दल तू पोलिसांना जे सांगितलंस तेवढंच मला माहीत आहे. वारा उठला, तुम्ही बदकं गोळा करायला लागलात, एकाचा, म्हणजे याच बदकाचा, दोर तुटला आणि ते वाहत चाललं. पाण्यावर आपला पक्षी टाकून कुणी घरी येत नाही, आपल्याकडे लहान पोरालाही ते माहीत असतं. ओरेल त्याच्यामागे गेला आणि होडी उलटली. मी तुला त्याहून जास्त काही विचारत नाही. पण दफनाच्या दिवशी आई तुला म्हणाली, "तू आलास, मग तो कुठाय?" आणि तू टोपी घेऊन निघून गेलास तो गेलासच. वेंडेल, ती तुला बोल लावत नव्हती. ती खरंच विचारत होती. अजूनही विचारते. गेल्या आठवड्यात म्हणाली, "दोघांना हाक मार, सूप गार होतंय." दोघांना म्हणाली.

मेल अजून येतात. पाठवणाऱ्याचं नाव दर वेळी नवं, बदकाचा फोटो तोच, सुरुवात तीच. प्रिय ओरेल, अजून संधी आहे. फर्न म्हणते, "एकदा उत्तर दिलंस ना, आता ते तुझं दार सोडत नाहीत." मी टॅब्लेटचा आवाज बंद करून ठेवलाय. तरी आई कान लावून बसते. तिला मी एवढ्या वर्षांत कधी खोटं सांगितलेलं नाही, आणि आता त्या चोराचं खोटं माझ्या घरात रोज पानावर बसतंय. ते खरं करणं माझ्या हातात नाही. तुझ्या हातात थोडंसं आहे. मला बदक नको, तुझंच राहू दे. फक्त घेऊन ये, तिच्या कानाशी धर आणि हलव. बाकी तिला काय समजायचं ते ती समजेल.

लिहिताना एक गोष्ट लक्षात आली. हे माझं पत्रही त्या मेलसारखंच आहे. अनोळखी हाताने आलेलं, आडवाटेने आलेलं, काहीतरी मागणारं, आणि उशीर करू नका म्हणणारं. तू विश्वास का ठेवावास? तेव्हा कुठल्याच फोटोत नाही असं काहीतरी सांगायला हवं.

आदल्या संध्याकाळी धक्क्यावर, ओरेल डबे आणायला वर गेला होता तेव्हा, तू माझा हात धरून मला एक विचारलंस. मी म्हटलं, उद्या बदकं घेऊन परत आलास की सांगते. ते ऐकायला तिथे तिसरं कुणी नव्हतं.

माझं उत्तर हो होतं. ते बदक घेऊन ये.

तुझी,
लोरेट