ठकूची मान

६ जानेवारी

चि. छबूस,
अ. उ. आ.

तुझं पत्र आणि पार्सल दोन्ही पोचलं. पत्र तुझ्या आईने आधी वाचलं आणि पार्सल मी आधी फोडलं, म्हणजे घरात सगळं नेहमीसारखंच चाललंय असं समज. तू पाठवलेलं मालिशचं तेल फार गुणाचं आहे. संपलंसुद्धा. आणखी दोन बाटल्या पाठव.

आता मुद्द्याचं. ठकूच्या पुढच्या डाव्या पायाची दुखावलेली शीर भरून आली. सूज उतरली, हात लावला तर पाय गरम लागत नाही. डॉक्टरसाहेबांनी यंत्र लावून आतलंही पाहिलं आणि म्हणाले, शीर उत्तम आहे. सगळं उत्तम आहे, फक्त घोडी लंगडते! मी चालवायला घेतली की पावलागणिक तिची मान खाली जाते. डॉक्टर डोकं खाजवतात, मी कपाळ बडवतो आणि ठकू आम्हा दोघांकडे बघत गवत चघळते. घोडं नेमकं पेंड कुठे खातंय ते कुणालाच कळेना.

त्यात व्यवस्थापकांनी मुदत घातली आहे. दहा फेब्रुवारीला डॉक्टर तिला आवारातल्या फरशीवर दुडक्या चालीने पळवून बघणार. सरळ पळाली तर ती आपल्या घोडेस्वारीच्या शाळेत राहील आणि मुलांना पाठीवर घेईल. लंगडली तर तिची रवानगी व्यवस्थापकांच्या कुणा मेव्हण्याच्या कुरणावर, इथून पार लांब. म्हातारे घोडे तिथे मजेत राहतात म्हणे. पण ठकू म्हातारी नाही गं! ती जन्मली तेव्हा तिचे ओले पाय मी पुसले होते. ती गेली तर मी पागेत कुणाचं तोंड बघायला जाऊ?

तेव्हा डॉक्टरीणबाई, नवे व्यायाम लिहून पाठवा. तुझी आई मजेत आहे. शाळेत कवायत शिकवणं सुटलं, पण सवय सुटलेली नाही. काल भाजीवाल्याला तिने ताठ उभं राहायला लावलं.

लोभ आहेच, उत्तर लवकर धाडून तो वाढवावास.
तुझा,
बाबा

---

१२ जानेवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

मी डॉक्टरीण नाही हे किती वेळा सांगू? डॉक्टर दुखणं शोधतात. मी दुखणं बरं झालेल्या घोड्याला पुन्हा नीट चालायला शिकवते. आज सकाळी शर्यतीच्या एका घोड्याला पाण्याच्या हौदात चालवलं. त्याला पाण्यात पाऊल उचलायचे कष्ट नकोत, म्हणून तो हौदच पिऊन संपवायच्या मागे होता. दुपारी एका लठ्ठ तट्टाची पाठ चोळली. त्याला इतकं सुख झालं की ते घोरायला लागलं आणि सगळा भार माझ्यावर टाकून रेललं. शेवटी माझंच अंग चेपून निघालं.

ठकूसाठी व्यायाम सांगते. जमिनीवर तिच्या पावलाच्या अंतराने बांबू आडवे टाका आणि त्यांवरून तिला सावकाश न्या, म्हणजे पाय उचलावाच लागतो. मग मोठ्या गोलातून फिरवा, दोन्ही बाजूंनी. थोडं मागेमागे चालवा. शेवटी गाजर दाखवून मान दोन्ही कुशींकडे वळवायला लावा. गाजर तिला द्यायचं, तुम्ही खायचं नाही.

आणि या प्रश्नांची खरीखरी उत्तरं लिहा. जास्त कधी लंगडते? मोकळी सोडली तरी लंगडते का? चालवतं कोण, आणि दावं कसं धरतं? पळवताना दावं सैल हवं, हे तुम्हीच मला लहानपणी शिकवलं आहे.

दोन बाटल्या पाठवते आहे. पण बाबा, घोडीच्या एका पायाला इतकं तेल? तुम्ही तिला चोळताय की तळताय?

आईला नमस्कार. माझ्यावर लोभ आहेच, त्यातला थोडा ठकूच्या कानामागे खाजवून तिला द्यावा.
आपली,
छबू

---

१९ जानेवारी

चि. छबूस,
अ. उ. आ.

बाटल्या मिळाल्या. तळतो की चोळतो ही चौकशी तू करू नकोस, बाटल्या पाठवत जा.

विचारलंस म्हणून लिहितो. गार, दमट सकाळी ठकू जास्त लंगडते. उतारावर फारच. बराच वेळ उभं राहून निघालो तरी पहिली पावलं वाईट पडतात. ऊन वर आलं आणि तेल जिरलं की जरा सुधारते. बांबूंवरून छान जाते, एकालाही खूर लागत नाही. मी आपला बाजूने वळसा घालून येतो. मागे चालवणं आम्ही सोडून दिलं आहे, मला ते पटत नाही.

मोकळी सोडली की काय विचारतेस! शेपूट वर करून अशी चौखूर उधळते की लंगडणं कशाशी खातात ते तिला ठाऊकच नसावं. आणि मी दावं लावलं की लगेच मान खाली. नाटकी आहे, दुसरं काय! लाडावली आहे. तुझी आई म्हणते, माझ्यावर गेली आहे.

चालवणार कोण? मीच. दुसऱ्या कुणाबरोबर ती जात नाही. परवा एका नव्या मोतद्दाराने दावं धरलं तर त्याची बाही फाडली. आणि दावं मी तोंडाशी घट्ट धरतो. सैल सोडायला ती काय मला परकी आहे? आम्ही खांद्याला खांदा लावून चालतो. मला बरं पडतं, म्हणजे तिला बरं पडतं.

दहा तारीख जवळ येतेय तसं जेवण जात नाही. काल ती माझ्या टोपीचा वास घेत उभी होती, तेव्हा मनात आलं, त्या कुरणावर हिला कोण ओळखणार? काहीतरी उपाय काढ, बाई.

लोभ भरपूर आहे, तेल मात्र निम्मंच उरलं आहे.
तुझा,
बाबा

---

२१ जानेवारी

चि. छबडीस,
अ. उ. आ.

माझ्या सवतीची खुशाली तुला येणाऱ्या प्रत्येक पत्रातून कळतेच. आता जरा घरच्यांची ऐक.

माझ्या उशीला पागेचा वास येतो. मी विचारलं तर म्हणाले, ठकूला चोळताना तेल अंगावर सांडतं. सांडत असेल बापडं. पण रोज पायजम्याच्या उजव्याच गुडघ्यावर कसं सांडतं? धुणं मी धुते, मला का दिसत नाही?

हल्ली त्यांना जिन्याचं वावडं झालंय. अंथरूण वरून खाली आणलं, म्हणे खाली हवा खेळती आहे. खुर्चीतून दोन्ही हात टेकून उठतात आणि खुर्ची डुगडुगते म्हणून तिच्यावरच डाफरतात. मी सुताराला बोलावलं. त्याने खुर्ची उलटी करून पाहिली, सुलटी करून पाहिली आणि म्हणाला, बाई, खुर्चीला काही झालेलं नाही.

मला हसू येतं आणि काळजीही वाटते गं. डॉक्टरकडे चला म्हटलं की ठकूची तपासणी पुढे करतात. पाय दुखतो हे बाहेर कळलं तर आपल्याला पागेतून घरी बसवतील ही त्यांना धास्ती. घरी बसले तर हा माणूस वाळून जाईल, हेही मला कळतं. मग बोलू कुणाशी? तुझ्याशी बोलले.

पागेत मी कधी गेले नाही, घोड्यांचे ते दात मला बघवत नाहीत. पण स्वयंपाकघराच्या खिडकीतून ही जोडी रोज दिसते. दोघं अगदी एका लयीत डुलत जातात. लांबून वाटावं, कुठे तरी बाजा वाजतोय आणि तो फक्त या दोघांनाच ऐकू येतोय.

जेवत जा वेळेवर. आमचा लोभ न मागताच असतो, तू तब्येत सांभाळून त्याची परतफेड कर.
तुझी,
आई

---

२७ जानेवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

रागावू नका. रागावणारच आहात, तर खुर्चीत बसून रागवा.

ठकू बरी आहे. लंगडताय तुम्ही.

पुढचा पाय दुखणारा घोडा चालताना मान हलवतो, आणि आपण सगळे त्या मानेवरून पायाची परीक्षा करतो. पण ठकूची मान आहे कुणाच्या हातात? तुमच्या! तुमचा उजवा गुडघा खचला की हात खाली जातो. हाताबरोबर दावं, आणि दाव्याबरोबर तिची मान. दमट सकाळ, उतार, उभं राहून निघणं, हे घोडीच्या शिरेचं दुखणं नव्हे हो, हा माणसाचा गुडघा आहे. आणि बांबूंना वळसा कोण घालतं? मी इथे बसून तिच्या चारही पायांचा अभ्यास करतेय, डॉक्टर यंत्र लावतायत, आणि काखेत कळसा! शेजारी आणखी दोन पाय चालतायत, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. माझ्यासुद्धा नाही, आणि मी यावर पोट भरते.

बाबा, उपाय एकच आहे. दहा तारखेला दावं दुसऱ्याच्या हातात द्या. मोतद्दारांच्या बाह्या फाटत असतील तर आईला द्या. आई झपझप चालते, आणि ठकूने अजून तिची परीक्षा घेतलेली नाही. दावं सैल, मान मोकळी, बस. तुम्हाला काय वाटेल ते मला कळतं. पण घट्ट धरून ठेवलंत तर ती जाईल.

लोभ कमी झाला तरी चालेल, दावं सोडावं ही विनंती.
आपली,
छबू

---

३१ जानेवारी

चि. छबूस,
आ.

पत्र मिळालं. माझा पाय ठणठणीत आहे. बापाला घोड्यांच्या रांगेत उभं करायला तुला पदवी दिली होती काय? आई आणि तू मिळून काय खलबतं करता ते मला कळतं. घोडामैदान जवळच आहे, दावं मीच धरणार.

तेल पाठवू नकोस.

बाबा

---

११ फेब्रुवारी

चि. छबूस,
अ. उ. आ.

ठकू राहिली. हे आधी लिहून टाकतो, तुझा जीव टांगणीला नको.

काल सकाळी चांगलंच दव पडलं होतं. भिंतीशी डॉक्टर, व्यवस्थापक आणि तुझी आई उभे होते. ती पळायचे बूट घालून आली होती. दावं मी घेतलं. तुला तसं लिहून बसलो होतो, आता माघार कशी घेणार?

पहिल्या खेपेला ठकूची मान खाली. डॉक्टरांनी पुन्हा पळवायला सांगितलं, तर आणखी खाली. मग मात्र मी मान सोडून माझ्या हाताकडे पाहिलं आणि छबू, तू लिहिलं होतंस तस्संच दिसलं. गुडघा खचतो, हात जातो आणि ती मान देते. हिसडा मारत नाही, अडत नाही, मुकाट्याने मान देते. तिकडे व्यवस्थापक डॉक्टरांना सांगत होते की तिला न्यायला गाडी सोमवारी येईल.

दावं सोडावं तर पागेच्या वस्तादाला चार पावलं धड पळता येत नाही हे जगजाहीर होणार. न सोडावं तर सोमवारी गाडी. मी तसाच भिंतीपाशी गेलो, दावं तुझ्या आईच्या हातात दिलं आणि म्हटलं, सैल धर. तिने ठकूच्या डोळ्यांत बघून सांगितलं की आमच्याकडे नखरे चालत नाहीत, आणि निघाली. काय पळाली सांगू! पाठ ताठ, पावलं तालात, श्वास जरासुद्धा चढलेला नाही. ठकूही छान पळाली.

डॉक्टरांनी दोनदा पाहिलं, पायावरून हात फिरवला आणि म्हणाले, घोडीत खोट नाही. मी मटकन खाली बसणार होतो, पण पुन्हा उठायची पंचाईत.

खरी फजिती त्यानंतर झाली. ठकू आईला घेऊन माझ्याकडे आली आणि रोजच्यासारखी माझ्या उजव्या हाताशी उभी राहिली. मी सवयीने तिच्या मानेवर हात टाकला आणि पागेकडे निघालो. दावं आईच्या हातात, सैल लोंबकळत होतं. तरी ठकूने पाऊल आखडतं घेतलं, माझा गुडघा खचला तशी मान खाली घातली आणि खांदा माझ्याकडे सरकवला. कुणी ओढलं नव्हतं. सगळे बघत होते. डॉक्टर म्हणाले, आपण हिला लंगडी म्हणत होतो, ही तर यांना धरून घरी नेतेय.

मी इतके दिवस सगळ्यांना ऐटीत सांगत होतो, ठकूला मी चालवतो. मला पुढे पाऊल टाकवेना. तिच्या आयाळीत तोंड खुपसून रडलो, चारचौघांत. तुझ्या आईने लगेच व्यवस्थापकांशी हवापाण्याच्या गप्पा काढल्या, त्यांना मान वळवू दिली नाही.

गुडघा सुधारेपर्यंत मी मुलांना खुर्चीत बसून शिकवायचं ठरलं आहे. पुढचं पुढे बघू म्हणाले. त्या ‘बघू’ची मला धाकधूक आहे, खोटं कशाला बोलू? ठकूला फिरवायचं काम तुझ्या आईने मागून घेतलं. आज सकाळी दोघी गेल्या आणि मला सोबत या असं कुणी म्हटलं नाही.

आता एक मागणं आहे. माझा पाय मी दुसऱ्या कुणाला दाखवणार नाही. माणसांचे डॉक्टर आधी वय विचारतात आणि मग सगळं त्या वयावर ढकलतात. तू ये. घोड्यांना लावतेस तसाच हात लाव, सांगशील तो व्यायाम करीन, मागेसुद्धा चालेन. लाथ मारणार नाही असं वचन मात्र देत नाही.

लोभ आहेच, या खेपेस तो न्यायला स्वतः यावंस.
तुझा लंगडा,
बाबा