डाव्या पायाचा फर्मा

ता. ४ मार्च

ती. दादा,
सा. न. वि. वि.

तू पाठवलेले बूट पोचले. शिवण इतकी सुबक आहे की पायात घालण्यापेक्षा कचेरीतल्या टेबलावर मांडून ठेवावेत असं वाटतं. जिन्यावरून पडून मोडलेलं डाव्या पायाचं हाड सांधलं, प्लास्टर निघालं. बूट छान बसतात. काळजी करू नकोस.

सध्या घरी बसून शब्दकोशाच्या नोंदी लिहितो. या आठवड्यात 'लर्न' या इंग्रजी क्रियापदापाशी अडलोय. शिकणं, हे तर शाळेतलं पोरही सांगेल. पण त्याचा अर्थ बातमी कळणं असाही होतो, पाठ करणं असाही होतो. पूर्वी तर शिकवणं असाही व्हायचा, म्हणजे मास्तर आणि विद्यार्थी एकाच बाकावर! मुळाशी वाट, माग असं काहीतरी असावं, असं जाणकार सांगतात. गंमत म्हणजे, ज्या लाकडी पावलावर तू बूट बेततोस, त्या फर्म्याचा 'लास्ट' हा इंग्रजी शब्दही याच कुळातला म्हणे. म्हणजे आपण दोघे शेवटी एकाच धंद्यात. दुकानात सांग, तुझा भाव वाढेल.

तुझा,
धाकटा

ता. ९ मार्च

ती. दादांना,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र यांना न सांगता लिहिते आहे. बूट बसतात असं यांनी कळवलं, ते खरं नाही. घोट्याखाली हाड बाजूला आलंय, डावा पाय बुटात शिरतच नाही. हे म्हणाले, दादाने पाय जसा असायला हवा तसाच बूट केलाय, चूक पायाची आहे. आणि खोकं बंद करून कपाटावर ठेवलं.

डॉक्टर म्हणतात, चाला, नाहीतर पाय आखडेल. पण यांची खिडकीशेजारची खुर्ची सुटत नाही. इथल्या दुकानात जाऊन माप द्यायला हे तयार नाहीत, परक्यासमोर मोजा काढायची लाज वाटते. कचेरीतून साहेबांचा निरोप आलाय की सगळी टिपणं तिथल्या कपाटांत आहेत, एक तारखेपासून यावं. नाही जमलं तर काम दुसऱ्याकडे जाईल. त्या शब्दांवाचून हे कसे राहतील, ते तुम्हीच जाणता. यांना रागावू नका, पण काहीतरी करा.

आपली,
या घरातली फितूर

ता. १४ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

बूट बसत नाहीत हे कळलं. कुणी कळवलं ते विचारू नकोस, आणि तिच्याशी भांडू नकोस.

चूक पायाची नाही, माझी आहे. माप घेतल्याशिवाय मी कुणाच्याही बुटासाठी चामड्याला सुरी लावत नाही. तुझ्या वेळी मात्र फळीवरचा तुझा जुना फर्मा काढला, धूळ पुसली आणि कामाला लागलो. भावाचा पाय मला ठाऊक नसेल तर कुणाला, अशा ऐटीत. तो पाय पडण्याआधीचा होता.

आता एक कर. खाकी कागदावर उभा राहा आणि बायकोला कडेने पेन्सिल फिरवू दे. फुगलाय तिथे दोरीने घेरही घ्या. वाकडा येईल तो वाकडाच पाठव, सुधारून नको. माझ्याशी लाज कसली? तुझ्या तळव्यातले काटे मीच काढायचो, आणि तेव्हा तू ओरडून सगळी आळी गोळा करायचास.

जुना फर्मा मी टाकणार नाही. पाय वाढलाय तिथे चामड्याचे तुकडे चिकटवून तो भरायचा, ही आमच्या कामाची रीतच आहे. तुझं ते क्रियापदही कुठून कुठे चालत आलं, वाटेत किती झिजलं, किती फुगलं. ते सगळं तू लिहून ठेवतोस, त्यातलं काही लपवत नाहीस. मग पायच का लपवतोस?

रोज देवापुढे तुझं नाव घेतो. पण देव माप पाठवत नाही, ते तुलाच पाठवायचंय.

तुझा,
दादा

ता. २ एप्रिल

ती. दादा,
सा. न. वि. वि.

काल कचेरीत गेलो. चालत.

नवा डावा बूट बाहेरून जरा बेढब दिसतो, पण आत जणू कुणी तळहातावर पाय झेललाय. कोपऱ्यावर हिला म्हटलं, आता हात सोड. तिने सोडला नाही, नुसता सैल केला. फितुरी माफ केली आहे, कारण चहा बंद करायची धमकी होती. जिना चढताना नाव घेतलं, ते देवाचं की तुझं, आता आठवत नाही.

वरची फरशी नुकतीच पुसलेली होती. टेबलाशी पोचून मागे पाहिलं, तर माझ्या बुटांचे ठसे. उजवा सरळ, डावा जरा बाहेर झुकलेला, पण दोन्ही दारापासून माझ्या खुर्चीपर्यंत आलेले. पुसणाऱ्या मावशी चिडल्या, तरी मी ते वाळेपर्यंत बघत राहिलो.

मग 'लर्न'ची नोंद पुरी केली. मुळाच्या जागी लिहिलं, मागावरून जाणं. नोंदीला उदाहरणाचं वाक्य लागतं. मी लिहिलं, तो पुन्हा चालायला शिकला. साहेबांनी वाचलं, माझ्या पायांकडे पाहिलं आणि एक अक्षरही बदललं नाही.

तुझी माया त्या फर्म्यासारखी फळीवर जपून ठेव. कुठे कमी पडली, तर तुकडा चिकटव.

तुझा,
धाकटा