वाटीतलं बी

आप्पा, परवा आत्याला भेटायला गुंजीला जाऊन आले. आल्यापासून हे तुम्हाला लिहायचं मनात घोळतंय, आणि लिहिलं तरी पोचणार नाही हेही ठाऊक आहे. तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली. मी शाळेतून निवृत्त झाले. वडगावातल्या घरात आता एकटीच असते. विणायचे माग केव्हाच मोडीत गेले, घरामागच्या परड्यात फरशी घालून घेतली, तिथं माझी स्कूटर उभी असते. टोमॅटो मी बाजारातून आणते. हे ऐकून तुम्ही दिवसभर माझ्याशी बोलला नसतात.

परड्यातला तो वाफा अजून डोळ्यांसमोर आहे. चार पावलं रुंद, आठ पावलं लांब, शेजारी धुण्याचा दगड. माग थांबला की तुम्ही तिथं जायचात आणि झाडांमधून हळूहळू फिरायचात. आपला टोमॅटो दिसायला काही खास नव्हता. चपटा, अंगावर खाचा, पिकला तरी देठापाशी हिरवट. पण सार उकळायला लागलं की गल्लीला कळायचं. ते बी तुमच्या आईकडून आलेलं. दरवर्षी जोमदार झाड बघून त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या घोसातलं फळ तुम्ही बियाला ठेवायचात आणि देठाला मागावरचा लाल धागा बांधायचात. धाग्याच्या फळाला हात लावायचा नाही, हा घरातला कायदा. मी दहा वर्षांची असताना आई माहेरी गेली होती, म्हणून मी मोठ्या ऐटीत भाजी करायला घेतली आणि नेमकं तेच फळ चिरलं. तुम्ही जेवायला बसलात आणि चुलीपाशी पडलेला धागा तुम्हाला दिसला. "एक टमाटा न्हाय खाल्लास तू, पुढल्या सालची रोपं खाल्लीस," एवढंच म्हणालात. मारलं असतंत तर बरं वाटलं असतं. दुसऱ्या दिवशी मला परड्यात नेऊन दुसरं फळ माझ्याकडूनच निवडून घेतलंत. त्यानंतर दरवर्षी ते काम मी तुमच्याबरोबर केलं. फळ पूर्ण पिकू द्यायचं, गर वाटीत पिळायचा, थोडं पाणी, वर फडकं. तीन दिवसांत साय धरते, वास सुटतो. मग चाळणीत धुवायचं आणि सावलीत वाळवायचं. म्हणजे मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय नाही.

तुम्ही पडलात त्या वर्षी करपा रोगानं सगळी झाडं गेली होती. एकाच झाडावर तीन फळं तगली. ती तिन्ही तुम्ही वाटीत पिळलीत, फडकं बांधून वाटी स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलीत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी धुण्याच्या दगडापाशी तुमचा पाय घसरला. खुब्याचं हाड मोडलं. दवाखाना, ऑपरेशन. आई जाऊन चार वर्षं झाली होती, त्यामुळं डबा, औषधं, शाळा, परीक्षेचे पेपर, सगळं माझ्याच अंगावर. ऑपरेशननंतर जरा बोलण्याइतपत झालात तेव्हा तुम्ही पहिलं काय विचारलंत?

"पोरी, बी धुतलंस?"

"व्हय आप्पा, धुतलं."

"चाळणीत न्हवं? फडक्यात धुतलं की चिकटून ऱ्हातंय."

"चाळणीतच."

घरी गेल्यावर धुवू, असं खरंच मनात होतं. गेले आणि जमिनीवरच आडवी झाले. दुसऱ्या दिवशीही तेच. आठव्या दिवशी तुम्हाला घरी आणायचं म्हणून स्वयंपाकघर आवरायला घेतलं, तर वाटीत केसाळ बुरशी, भोवती चिलटं, आणि कुजका वास. चाळणी हाताशी होती. पाच मिनिटांचं काम. पण मला राग आला, आप्पा. तुमचा, त्या वाटीचा, तू जेवलीस का असं मला कुणी विचारत नाही याचा. सगळं मोरीत ओतलं आणि वर दोन बादल्या पाणी मारलं. ते बी बहुतेक उगवलंही नसतं, असं मी पुढं स्वतःला कितीदा सांगितलं. पण ओतताना बुडाशी दिसलं होतं, पिवळं, चांगलं भरलेलं.

परडं दिसावं म्हणून तुमची खाट मागच्या दाराशी टाकली. "पेरलंस?" तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, गच्चीवर कुंडीत पेरलंय. तुम्हाला जिना चढता येणार नव्हता, म्हणून गच्ची. महिन्याभरानं शाळेतून येताना खासबागेत एका रोपवाल्याकडून हायब्रीडची बारा रोपं घेतली. तुमचा डोळा लागलेला बघून ती वर नेली, कुंडीत खोचली आणि संध्याकाळी कुंडीच खाली घेऊन आले. एवढी हुशारी मी आयुष्यात दुसऱ्या कशात दाखवलेली नाही. तुम्ही खाटेवरून सांगताय, खोल लाव, बुडाला माती ओढ, आणि मी मान खाली घालून लावतेय. फळं धरली ती गोल, गुळगुळीत, सगळी एकसारखी. "यंदा रूप बदललंय जरा," तुम्ही म्हणालात. दुकानचं खत घातलंय, मी म्हटलं. मग तुम्ही काठी टेकत परड्यात गेलात, फळं निवडलीत, खाटेवर बसून गर पिळलात, तिसऱ्या दिवशी स्वतः धुतलंत. मला हात लावू दिला नाहीत. जुन्या कॅलेंडरच्या कागदाच्या पुड्या बांधल्यात. गल्लीतल्या सहा-सात घरांना दिल्यात, आणि नेहमीसारखी एक गुंजीला, आत्याला.

हायब्रीडचं बी धरलं तर पुढं त्याला तसं फळ येत नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. कळलं ते पुढच्या हंगामात. कुणाकडं गोटीएवढी फळं, कुणाकडं नुसता पाला, कुणाकडं पाणचट आणि फुटलेली. कुणी भांडायला आलं नाही. शेजारची सून फक्त दारात उभी राहून म्हणाली, "मामा, यंदा बियाला काय झालं वो?" त्याच आठवड्यात आत्या आली. ती तुमची थोरली बहीण, तिला भीड कसली? "अरं, बी बिघडलं की तुजं!" तुम्ही दोन्ही हात पुढं धरून त्यांच्याकडं बघत राहिलात. "वय झालं, आक्का. हात ऱ्हायला न्हाय माजा." मी तिथंच चहा गाळत होते. कप भरले, नेऊन दिले. एक वाक्य होतं सांगण्यासारखं, ते मी सांगितलं नाही. त्यानंतरच्या हंगामात बी मागायला कुणीही आलं नाही. तुम्हीही मला वाफा खणायला सांगितला नाहीत. त्या थंडीत तुम्ही गेलात. दिवसांना जमलेल्या माणसांत कुणीतरी हळहळून म्हणालं, शेवटी शेवटी मामांना बी धरायला जमंना झालं. मी मान हलवली.

आता परवाचं. आत्या नव्वदीला आली, पण कान आणि जीभ शाबूत. तिच्या सुनेनं सार वाढलं. एक घोट घेऊन आत्या म्हणाली, "तुज्या बापाच्या टमाट्याची चव न्हाय कशाला. पर शेवटाला त्याचा हात गेलता." हे मी याआधीही कितीदा ऐकलं होतं. परवा मात्र वाटी खाली ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. मोरी, गच्ची, खासबागेतली रोपं. सून वाढता वाढता थांबली. आत्या माझ्याकडं वळली.

"मला का न्हाय सांगितलंस गं तवा?"

"लाज वाटली."

"माज्याकडं हुतं की त्याचं बी. आदल्या सालचं, डब्यात. त्याचं ताजं आलं म्हणून मी ते कोंबड्यांम्होरं टाकलं." तिनं पदरानं तोंड पुसलं. "मागनं त्यानं इचारलंतं मला. जुनं हाय का गं आक्का, म्हणून. हळूच इचारलं, तू आत असताना. मी न्हाय म्हटलं." आणि मग म्हणाली, "सांगितलं असतंस तर शिव्या घातल्या असत्या त्यानं. एक दिस जेवला नसता. आन दुसऱ्या दिशी तुला गाडीत बसवून धाडलं असतं, जा, आक्काकडनं बी घेऊन ये."

एवढंच होतं ते, आप्पा. एक दिवसाचा अबोला आणि गुंजीपर्यंतचा प्रवास. आत्या मला रागावली नाही. सुनेला म्हणाली, तिला भात वाढ. आणि मी जेवले.

परतीच्या गाडीत जरा हलकं वाटलं, सगळं सांगून टाकलं म्हणून. खानापूर मागं पडलं तेव्हा लक्षात आलं की सगळं सांगितलेलं नाही. त्या हायब्रीडच्या झाडांचं पहिलं फळ मी तुम्हाला चिरून, मीठ लावून दिलं होतं. तुम्ही एक फोड तोंडात टाकलीत. बराच वेळ चावत राहिलात.

"पोरी, हे आपलंच न्हवं?"

"मग कुणाचं असणार?"

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. मीही बघितलं, नजर काढली नाही. तुम्ही घास गिळलात आणि म्हणालात, "आसंल. तू लावलंस म्हंजे आपलंच."

तुम्ही मला विचारलं होतंत, हे मी आत्याला सांगितलं नाही.