बिनशिक्क्याचा काटा

२६ सप्टेंबर, शुक्रवार

काट्याचा शिक्का मे महिन्यातच संपलाय! आज भिंत पुसताना प्रमाणपत्रावरची तारीख दिसली. म्हणजे चार महिने मी बिनशिक्क्याच्या काट्यावर मसाले आणि फरसाण विकतेय. आणि नेमकं आज सकाळीच पलीकडच्या चौकात वजनमापे खात्याचे लोक आले होते. एका मिठाईवाल्याचा काटा उचलून नेला. ऐन दिवाळीच्या तोंडावर!

सुदर्शनला सांगितलं. नवरा शांतपणे म्हणाला, "दर वर्षी तुला आठवण कोण करायचं?"

संघ करायचा, दुसरं कोण. मेमध्ये व्यापारी संघाचा मेसेज यायचा, त्यांच्या हॉलमध्ये निरीक्षक येऊन बसायचे, आपण काटा रिक्षात घालून न्यायचा, तासाभरात पडताळणी होऊन शिक्का. मी जानेवारीत संघ सोडला. पण हे त्याच्यापुढे कबूल करायची माझी तयारी नाही. "खात्यानंच कळवायला नको का?" म्हणाले आणि चहा टाकायला आत गेले.

२७ सप्टेंबर, शनिवार

सहा फोन केले. काटेदुरुस्तीवाल्यांच्या तारखा दिवाळीपर्यंत भरल्यात. नवीन काटा घ्यावा म्हटलं, तर शिक्का मारलेला एकही शिल्लक नाही — "मॅडम, आता दिवाळीनंतरच." काटा जप्त झाला तर दुकान बंद. त्याहून वाईट म्हणजे बोभाटा. बिबवेवाडीत बातमी पोचायला पाच मिनिटं पुरतात.

२९ सप्टेंबर, सोमवार

आज समोर एक माणूस उभा. इस्त्रीचा शर्ट, खांद्याला बॅग, नजर आमच्या पाटीवर. मी काटा उचलून काउंटरखाली ठेवला. तो आत आला आणि पन्नास ग्रॅम ओवा मागितला. मी म्हणाले, मशीन बंद आहे. तो समोरच्या हेमाच्या दुकानात गेला. ओवाच हवा होता बिचाऱ्याला!

वीस वर्षांत पहिल्यांदा गिऱ्हाईक खोटं बोलून परत पाठवलं.

मालनबाई पुड्या बांधत होत्या. सासूबाईंच्या काळापासून दुकानात आहेत, त्यांना बोलायला कुणाची भीती नाही. म्हणाल्या, "ताई, आपन काय चोरी केलीया व्हय?"

एवढी चिडले! चोरी कसली? आमच्याकडचा किलो म्हणजे किलो. लोक कात्रजहून येतात ते त्यासाठीच. शिक्का नाही एवढंच.

१ ऑक्टोबर, बुधवार

संघाचा सेक्रेटरी श्यामसुंदर रस्त्यात भेटला. मेमध्ये राहून गेलेल्यांसाठी आठ तारखेला पुन्हा कॅम्प आहे म्हणे. "फक्त सभासदांसाठी हं." मुद्दाम बोलला की सहज, चेहऱ्यावरून काही कळेना.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

गेले एकदाची. अध्यक्ष रावसाहेबांच्या हार्डवेअरच्या दुकानात. त्यांनी 'बसा' म्हटलं, पाणी दिलं आणि फाइलमधून माझा राजीनामा काढला. चष्मा लावून मोठ्यानं वाचला, गिऱ्हाइकांदेखत!

"'संघाने वर्षभरात मला दिलेली एकमेव ठोस वस्तू म्हणजे कॅलेंडर, आणि त्यातही चतुर्थी चुकलेली.' हे आपलंच ना?"

"हो."

"चतुर्थी बरोबर होती, नम्रताताई. मी पंचांग उघडून पाहिलं."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. मग म्हणाले, "दुकान आपण चालवता. दुकानाच्या उंबऱ्याबाहेरचं कोण बघतं, हा विचार केलात कधी? नव्या अर्जावर दोन सभासदांच्या सह्या आणा. मंगळवारी कमिटी आहे." हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत.

घरी येऊन रडले. राग त्यांचा नाही आला, माझाच आला. ते पत्र लिहिताना किती खूश होते मी स्वतःवर!

६ ऑक्टोबर, सोमवार

एक सही स्टेशनरीवाल्या दशरथ भाऊंची. दुसरीसाठी तीन दुकानं फिरले. एकजण "विचार करून सांगतो" म्हणाला, दोघे जागेवर नव्हते — निदान असं सांगण्यात आलं. राहिली हेमा. तिचंही मसाल्यांचंच दुकान. पंधरा वर्षं समोरासमोर, पण दिवाळीच्या शुभेच्छांपलीकडे शब्द नाही.

संध्याकाळी रस्ता ओलांडला. दहाच पावलं. तिनं कागद न वाचताच सही केली.

"अहो, वाचा तरी."

"त्यात काय वाचायचं? माझाही काटा राहिलाय मेमध्ये, आईच्या आजारपणात. बुधवारी एकाच रिक्षात नेऊ."

मी नुसतं "बरं" म्हणाले.

७ ऑक्टोबर, मंगळवार

दिवसभर मोबाइल हातात. दुपारी चौकात पुन्हा खात्याची जीप. काटा पुन्हा काउंटरखाली. साडेसातला रावसाहेबांचा मेसेज — "मंजूर. स्वागत. कॅलेंडर पाठवतो." सुटले! सुदर्शन हसला, मीही हसले. दहा-बारा दिवसांत पहिल्यांदा नीट जेवले.

८ ऑक्टोबर, बुधवार

शिक्का मिळाला नाही.

निरीक्षकांनी माझ्या काट्यावर त्यांचं एक किलोचं वजन ठेवलं. आकडे आले १.०३०. काढून पुन्हा ठेवलं. तेच. गिऱ्हाइकाला किलोमागे तीस ग्रॅम कमी जात होतं. कधीपासून, ते कुणालाच सांगता येईना. हेमानं माझा दंड धरला.

माझा काटा कॅम्पातल्याच दुरुस्तीवाल्याकडे ठेवून, हेमाचा शिक्का झालेला काटा दोघींत धरून चालत परत आलो. मेमध्ये गेले असते तर मेमध्येच कळलं असतं.