परड्याच्या पाण्याची पाळी

मी, श्रीमती कमल दत्ताराम सावंत, वय वर्षे शहात्तर, राहणार लोअर परळ, मुंबई, असे लिहून ठेवते की माझं डोकं शाबूत आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्र गुडघ्यांनी करायचं नसतं. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. आणून बघावा.

१. चाळीतली खोली, पुनर्विकासात जे मिळेल त्यासह, मुलगा राजेश यास द्यावी. गॅलरीतल्या कुंड्याही त्याच्याच. त्यांचं पाणी खालच्या हेमचंद्रांच्या कपड्यांवर पडतं, म्हणून त्यांनी कपडे वाळत टाकायच्या आधी पाणी घालावं.

२. मुलगी अनुजा हिला माझे दागिने आणि बियांचे डबे. माठ, मुळा, भेंडी, काकडी, सगळं बियाणं राखेत घोळवलेलं आहे. मागे तिने "केवढी घाण!" म्हणत ते नळाखाली धुतलं होतं. तिने फक्त पेरावं.

३. कणकवलीजवळचं गावचं घर दोघा मुलांचं. भांडू नये.

४. आता घरामागचं परडं, म्हणजे माझी उन्हाळी भाजीची जागा. राजेशला तिथे पाहुण्यांसाठी खोल्या बांधायच्या आहेत. "आई, भाजी काय, परळ नाक्यावर मिळते!" मिळते. पण व्हाळाचं, आमच्या ओढ्याचं, पाणी तिथे मिळत नाही.

आमच्या वाडीत दरवर्षी थंडीत व्हाळावर मातीचा बंधारा घालतात. प्रत्येक घरातलं एक माणूस चिखलात उतरतं, तेव्हा कुठे त्या घराला उन्हाळाभर पाण्याची पाळी मिळते. मजूर पाठवलेला चालत नाही. गेल्या थंडीत माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. राजेशने दौलतला, म्हणजे पाळ्या ठरवणाऱ्याला, फोन करून सांगितलं, "आमच्यातर्फे कोणी माणूस लावून घ्या ना." वाडी हसली. परडं वाळलं असणार, असं धरूनच मी मार्च महिन्यात गेले, तर माठ गुडघाभर वाढलेला.

धाकटी जाऊ शेवंती आमच्या घरातर्फे चिखलात उतरली होती. आधी स्वतःच्या घरातर्फे, दुसऱ्या दिवशी माझ्या. माझ्या वेलीचा दुधी मधल्या दगडी गडग्यापलीकडे तिच्या बाजूला लोंबला, तो हिने चिरला आणि भाजी करून वर मलाच वाटीभर पाठवली, तेव्हापासून आमच्यात सात वर्षं अबोला आहे. दौलतने तिला विचारलं, "तू खंयच्या घरातली?" ती म्हणाली, "एकाच उंबऱ्यान सुना म्हणान इलंव आमी. लिही नाव."

सबब, परडं आणि त्याची पाळी मी शेवंतीस देत आहे. राजेशने तिथली भाजी जरूर खावी. त्यासाठी काकीबरोबर चिखलात उतरावं.

५. शेवटचं. माझ्यामागे वकिलाकडून तिला हे कळावं, असं मला नको आहे. याची एक प्रत घेऊन मी या वैशाखात गावी जात आहे. तिच्या अंगणात उभी राहून आधी मी बोलणार. आधी कोण बोलणार, यावरच सात वर्षं गेली. मला तिची फार आठवण येते.

हे मी स्वतः वाचून सही केली आहे.

कमल दत्ताराम सावंत

साक्षीदार:
१. हेमचंद्र पाटणकर
२. सरोजिनी पाटणकर

स्थळ: लोअर परळ, मुंबई
दिनांक: १० एप्रिल २०२५