वेलाचं पहिलं नाव

किहीम,
१४ नोव्हेंबर २०२४

चि. आश्लेषा हिस अण्णांचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. सुपारी वाळत घातली आहे, माझा गुडघा कुरकुरतो आणि तुझी आई माझ्यावर कुरकुरते.

तुझं पत्र पोचलं. निकोबारच्या बेटावरच्या त्या वेलाचं अख्खं कुळच नवीन निघालं आणि त्याला तू बापाचं नाव दिलंस, दत्तात्रेया! अगं, शेवटी काना लावून माझी बाई केलीस की! तुझी आई गावभर सांगत सुटली आहे. मला मात्र दोन दिवस घास उतरला नाही.

शास्त्रीय नावातलं दुसरं नाव आपल्या माडांवर चढणाऱ्या रघूचं ठेवलंस. "फुलं काढायला मीच त्याला झाडावर चढवलं, माझ्यामुळे पडून गेला तो," असंही लिहिलंस. हे वाचवत नाही मला.

काल ठमीकडे गेलो. आईला विचारल्याशिवाय तिच्या मुलाचं नाव कसं छापायचं? तिने चहा दिला. मी दोन्ही नावं वाचून दाखवली. ती म्हणाली, "आधी आपलं नाव, मंग बापाचं. म्हंजे माझा रघू तुमचा बाप झाला का वो अण्णा?" आणि हसली. मार्चमध्ये रघू गेल्यापासून पहिल्यांदा हसली गं ती. पहिलं कुळाचं, दुसरं त्या वेलाचं, असं समजावणार होतो. तोंडून भलतंच निघालं. तिला सांगितलं तेच तुला सांगतो.

तुम्ही दोघं निकोबारला निघायच्या चार दिवस आधी रघूला आपल्या वाडीत माडावर चक्कर आली होती. अर्धा तास खोडाला मिठी मारून होता. खाली आल्यावर म्हणाला, "अण्णा, ताईला सांगा, मी न्हाय येत." मी खेकसलो, "तिचं सहा वर्षांचं काम तुझ्या चकरेपायी बुडवतोस काय? गोळी घे नि नीघ. तिला बोलू नकोस." माझ्या शब्दाबाहेर नव्हता तो. तुला काहीच ठाऊक नव्हतं, पोरी. त्याला मी चढवलं.

ठमी रडली नाही, शिव्याही दिल्या नाहीत. माझ्यापुढचा भरला कप उचलून मोरीत ओतला. म्हणाली, "माझ्या पोराचं नाव तुमच्या नावाला चिकटवू नका."

तेव्हा लेख पाठवण्याआधी माझं नाव काढ. रघूचं ठेवायचं की नाही, ते ठमीला तू येऊन विचार. मला त्या घरात आता जाववणार नाही. आणि स्वतःला दोष देणं थांबव. तो माझा होता आणि आठ महिने मी तो तुझ्या डोक्यावर राहू दिला.

तुला अजून तसं म्हणवलं तरच तुझा,
अण्णा